फोर्ट मन्रो (व्हर्जिनिया): बीचला जाताना नुसतं पुढे निघून जाऊ नका

लाँग वीकेंडला हॅम्प्टनचा फोर्ट मन्रो हा समुद्राकाठचा जुना किल्ला बघून आलो. आपली मंडळी व्हर्जिनिया बीचला जाताना याच्या जवळूनच टनेलमधून सुसाट निघून जातात, म्हणून हे लिहितोय.

झालं असं, अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं होतं, गुलामगिरीवाली दक्षिणेची राज्यं फुटून निघत होती, पण हा किल्ला उत्तरेच्या म्हणजे अमेरिकन सरकारच्याच ताब्यात होता. 23 मे 1861 ला व्हर्जिनियाने अमेरिकेतून फुटायचं पक्कं केलं आणि त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम समोरच्या सूएल्स पॉइंटवरून होडी वल्हवत इथे उत्तरेच्या सैन्याकडे आले. तिकडे त्यांना तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलं होतं आणि आता बायकापोरांपासून लांब नॉर्थ कॅरोलायनाला धाडणार होते. लगेच मालकाच्या वतीने दक्षिणेचा मेजर कॅरी पांढरं निशाण घेऊन हजर, म्हणे पळालेले गुलाम परत करायचा कायदा आहे तुमचा. किल्ल्यावरचा उत्तरेचा प्रमुख जनरल बटलर मूळचा वकील, तो म्हणाला तुम्ही वेगळा देश झालात ना, मग आमचा कायदा तुम्हाला कशाला? वर तुम्हीच यांना मालमत्ता म्हणता, लढाईच्या कामाला लावता, तर शत्रूचा माल म्हणून मी जप्त केला! डोकं भारी, पण माणसाला माल ठरवूनच ठेवून घेतलं हे खटकतंच. आणि खरं सांगू का, श्रेय त्या तिघांचं, कारण परत पाठवलं असतं तर काय झालं असतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. मग बातमी पसरली, लोक कुटुंबासकट यायला लागले, जुलैअखेर बटलरनेच 900 आकडा कळवलाय. ऑगस्टमध्ये दक्षिणेच्या सैन्याने हॅम्प्टन जाळलं, तर त्या राखेवर याच लोकांनी वस्ती उभी केली.

गंमत म्हणजे 1619 मध्ये व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन उतरवले ते पण याच टोकाला.

आता कामाचं. किल्ल्यातलं केसमेट म्युझियम फुकट आहे, वेळा मात्र आधी बघून घ्या. खंदकावरून आत जायचा रस्ता अरुंद आहे, सावकाश. तटावर नक्की चढा, वारा जाम असतो, पण सूएल्स पॉइंटची बाजू तिथूनच कळते (तिथे आता नेव्हीचा तळ आहे, सहज जाता येत नाही). मेरी पीक ही शिक्षिका ज्या झाडाखाली या लोकांच्या मुलांना शिकवायची तो इमॅन्सिपेशन ओक जवळच हॅम्प्टन युनिव्हर्सिटीत आहे, पण कॅम्पस चालू असतं, आधी चौकशी करा. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी टनेलला भयंकर ट्रॅफिक, सकाळी लवकर पोचा.