बारीक म्हणजे नेमकं काय?

स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील. हे मनोगत आज आपल्या शाळेत बाकांवर बसणाऱ्या मुलांसाठी आहे. इंदुरातल्या मराठी घरांत 'बारीक' हा शब्द उठल्यापासून निजेपर्यंत चालतो, आणि इंग्रजी निबंधात त्याच्या जागी सरसकट 'स्मॉल' येतं. घोळ तिथेच होतो.

पोह्यांवरची बारीक शेव 'थिन' किंवा 'फाइन', कारण लहान आहे ती जाडी. बारीक रवा 'फाइन', तिथे दाणा लहान. कांदा 'फाइनली चॉप्ड'. अक्षर बारीक असेल तर मात्र 'स्मॉल' बरोबर. मुलगा बारीक झाला तर 'थिन'. 'स्मॉल' म्हटलं की ऐकणारा त्याची उंची किंवा वय कमी समजतो. आणि बारीक ताप? 'स्लाइट फीव्हर'. म्हणून शब्द शोधण्याआधी बघावं, कमी काय आहे: आकार, जाडी, दाणा की प्रमाण.

आकारच इवलासा असेल तर बोलताना 'टायनी' पुरतो. भिंतीतली नजरेला जेमतेम दिसणारी चीर 'मायन्यूट'. त्याचं स्पेलिंग मिनिटाचंच, पण उच्चार माय-न्यूट, जोर 'न्यूट'वर. दोन्हींचं मूळ एक: लॅटिनमध्ये तासाचा पहिला लहान भाग मिनिट झाला, दुसऱ्यांदा केलेला लहान भाग सेकंद. 'मिनस्क्यूल' म्हणजेही अगदी इवलंसं, पण लिहिताना 'मिनी' डोक्यात असतं, म्हणून 'एन'नंतर 'आय' पडतो. तिथे 'यू' हवा. शब्द 'मायनस'च्या घरातला आहे. 'इन्फिनिटेसिमल'मध्ये 'इन्फिनिट' दिसतं म्हणून पुष्कळ जण तो 'अफाट' या अर्थी वापरतात. अर्थ नेमका उलटा, शून्याला जवळजवळ टेकलेलं.

'मायक्रोस्कोपिक' मुंगीला लावू नये. साध्या डोळ्याला साधारण 0.1 मिलिमीटरपर्यंत दिसतं. हा शब्द त्याखालच्या वस्तूंसाठी. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, नॅनोमीटर त्याचाही हजारावा. डोक्याचा केस सुमारे 50 ते 100 मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे नॅनोच्या हिशेबात तो दोरखंडच.

'आयोटा' हे ग्रीकमधलं सर्वांत लहान अक्षर. तो शब्द बहुधा नकारातच शोभतो, आपल्या 'तसूभरही हलला नाही'सारखा. वजनात मात्र दोन्ही भाषा बियांकडेच वळल्या. सराफ्यात पूर्वी गुंजेच्या बियांनी तोलत: 8 गुंजांचा मासा आणि 12 माशांचा तोळा. इंग्रजांचा 'ग्रेन' म्हणजे धान्याचा दाणा, आणि त्यांनी तोळा 180 ग्रेनचा ठरवला.

कपड्यावर बसलेला धुळीचा कण 'स्पेक'. उन्हाच्या तिरिपीत तरंगणारा कण 'मोट'. या दुसऱ्यासाठी आपल्याकडे त्रसरेणू हा सुरेख शब्द आहे. मनुस्मृतीत वजनांची मोजणी जाळीतून येणाऱ्या उन्हात दिसणाऱ्या याच कणापासून सुरू होते.