तुम्ही विचारलंत म्हणून: एक तरी चोर सापडला का?

लग्नात पंगतीला बसलो की, गिरणीत दळण टाकायला गेलो की, हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत उभा असलो की कुणीतरी ओळखीचं भेटतं आणि विचारतं, "तुमच्याकडं रात्रीची गस्त असते म्हणे. एक तरी चोर सापडला का हो?"

नाही. आजवर एकही सापडला नाही. एका रात्री आम्ही एक माणूस पकडला होता, पण तो चोर नव्हता. लोकांना हे दोन वाक्यांत हवं असतं आणि मला ते दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. नोकरीची निम्मी वर्षं रात्रपाळीत गेली. रात्री दोनला मुंबईकडच्या गाडीतून उतरणारा माणूस कसा दिसतो, हे मला झोपेतही सांगता येईल. डोळे तांबारलेले, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं खिसा चाचपतोय, आणि उतरल्यावर क्षणभर आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत हेच त्याला कळत नाही. अशी हजारो माणसं मी पाहिली, कितीतरी जणांना रस्ता सांगितला. हे मुद्दाम आधी सांगून ठेवतोय.

आम्ही शाहूनगरात राहतो, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्याची हद्दवाढ झाली, तोवर आमचा भाग धड ग्रामपंचायतीत नव्हता, धड पालिकेत नव्हता. पेपरवाले त्याला 'त्रिशंकू भाग' म्हणायचे. डोंगराच्या अंगाला सुटी सुटी घरं, मध्ये रिकामे प्लॉट, गवत, आणि बरीच घरं अशी की मुलं पुण्या-मुंबईला आणि इथं दोघं म्हातारी. सणाला ती दोघंही मुलांकडं जातात आणि दाराला कुलूप लागतं.

२०२२ च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या रात्री, एकाच गल्लीत तीन बंद घरं फुटली. कडीकोयंडा उचकटून. त्याआधी शेजारच्या घरांना बाहेरून कड्या घातल्या होत्या, म्हणजे कुणी जागं झालं तरी बाहेर येऊ नये. आमच्या समोरच्या काकूंना ते सकाळी कळलं. दूध घ्यायला दार उघडायला गेल्या तर दार हलेना. त्यांना वाटलं, फुगलंय. खांदा लावला, मग घाबरून आतूनच हाका मारायला लागल्या. दूधवाल्यानं बाहेरून कडी काढली तेव्हा त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या. चोरी दुसऱ्याच्या घरात झाली होती, पण पुढं दोन महिने काकूंना झोप नव्हती. रात्री बाहेरून कडी लागेल म्हणून त्या दाराला आतून खुर्ची लावून तिच्यावर बसून राहायच्या.

त्या संध्याकाळी देवळात पन्नासेक माणसं जमली. सगळे चिडलेले. उद्यापासून काठ्या घेऊन फिरायचं, सापडला की तिथंच बडवायचा, असा सूर होता. आमच्यात माजी सैनिक बरेच. सातारा जिल्ह्यात ते असायचेच. त्यातले एक निवृत्त सुभेदार म्हणाले, फिरायचं तर शिस्तीत फिरायचं. आणि यादी करायचं काम माझ्याकडं आलं, कारण ड्युटी लावणं हा माझा धंदाच होता. ७२ नावं आली. रात्री बारा ते दोन आणि दोन ते चार अशा दोन पाळ्या, पाळीला चौघं. ६४ माणसं आठ रात्रींत बसतात, म्हणजे एकाला आठ दिवसांनी एकदा जागायचं. उरलेले आठ रजा राखीव. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाला ताप, कुणी ऐन वेळी "आज जमत नाही" म्हणणार, हे एसटीत शिकलो होतो. गस्ती बंद पडतात त्या इथंच. पहिले पंधरा दिवस सगळेच येतात, रोज येतात, चहा होतो, पोरं मोबाईलवर गाणी लावतात. तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावर दोघंच उभे दिसतात. म्हणून पहिल्या दिवसापासून मी जास्तीच्या माणसांना घरी पाठवायचो. वाईट वाटायचं त्यांना. पण दहा जण एका रात्री जागण्यापेक्षा चौघं वर्षभर जागणं मला हवं होतं.

एवढं सगळं केलं आणि पोलीस ठाण्यात मात्र कुणी गेलो नाही. त्यांना कशाला त्रास, आपलं आपण बघू, असं वाटलं. चूक तिथंच झाली.

जानेवारी २०२३. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. डोंगरावरून उतरणारं वारं अंगात शिरत होतं. दोन-चाळीसला आम्ही चौघं वरच्या गल्लीत वळलो आणि एक माणूस दिसला. मफलर तोंडावरून गुंडाळलेला, खांद्याला पिशवी. एका फाटकापाशी वाकायचा, दारावरच्या पाटीला नाक लावल्यासारखा बघायचा, मग पुढच्या फाटकाकडं. आमच्यातला एक ओरडला, "ए, थांब!" तो पळाला. अंधारात काठ्या घेऊन चौघं अंगावर धावून आले तर तुम्हीही पळाल. प्लॉटसमोर टाकलेल्या खडीवर त्याचा पाय सरकला. आमच्यातल्या एका तरुण पोरानं त्याला उठवून दोन ठेवून दिल्या. ओठ फुटला. दुसऱ्यानं पिशवी हिसकली. मी मारलं नाही. पण मी त्याचं मनगट धरलं होतं, आणि ते सोडलं नाही. गार पडलेलं, बारीक मनगट होतं, आणि त्यातली नाडी माझ्या बोटांखाली धडधडत होती.

पिशवीतून एक स्वेटर, औषधाच्या चिठ्ठ्या आणि स्टीलचा डबा पडला. डब्याचं झाकण निघालं आणि तिळाच्या वड्या खडीत सांडल्या. तो एकच नाव परत परत घेत होता, "दाजी, दाजी" म्हणत होता. त्या नावाचं घर आमच्यातल्या कुणाला आठवेना. सुभेदारांनी त्याच्या वरच्या खिशातून कागद काढला आणि बॅटरी माझ्या हातात दिली. एसटीचं तिकीट होतं. पनवेल ते सातारा, पूर्ण एक.

तिकिटं वाचण्यात माझा जन्म गेला. ते एक तिकीट वाचायला मला दोन मुस्काटात बसेपर्यंत वेळ लागला.

दाजींचं सकाळी ऑपरेशन होतं. फोन वाटेत बंद पडला होता. महामार्गावर उतरून तो चालत वर आला होता, बहिणीकडं याआधी एकदाच, तेही दिवसा, आलेला. घर पुढच्याच गल्लीत होतं.

सुभेदारांनी ११२ ला फोन लावला, आमच्याच विरुद्ध. गाडी आली. हवालदार खाली उतरले. त्यांनी "चोर कुठाय?" असं विचारलं नाही. त्याच्या ओठाकडं बॅटरी धरली आणि आमच्याकडं वळून विचारलं, "हात कुणी लावला?" कुणी बोललं नाही. मग त्या पोरानं स्वतःच हात वर केला.

त्या माणसानं तक्रार दिली नाही. तो त्याचा मोठेपणा, आमचा त्यात काही वाटा नाही. सकाळी तो पोरगा दवाखान्यात जाऊन दिवसभर त्यांच्या शेजारी बसून राहिला.

घरी येऊन मी रात्रभर रैनपाड्याचा विचार करत होतो. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं रैनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षा मागून जगणारी माणसं एसटीतून उतरली, पोरं पळवणारी टोळी आली अशी अफवा होती, आणि जमावानं पाच जणांना ठार मारलं. एसटीतून उतरलेली माणसं. आणि आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, सप्टेंबर २०२२ मध्ये चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला म्हणून त्यांना पट्ट्यांनी आणि काठ्यांनी मारलं. ती बातमी आम्ही याच देवळाच्या कट्ट्यावर वाचली होती आणि "काय ही माणसं" म्हणून हळहळलो होतो. चार महिन्यांत आमच्या हातात काठ्या होत्या.

तीन आठवडे गस्त बंद ठेवली. काही जण म्हणाले, नकोच ते. मलाही तसंच वाटत होतं. पण समोरच्या काकू पुन्हा खुर्ची लावून बसायला लागल्या होत्या. मग सुभेदार आणि मी ठाण्यात गेलो, झालेलं सगळं स्वतःहून सांगितलं आणि विचारलं, आता आम्हाला नीट शिकवा.

साहेबांनी पहिल्यांदा काठ्या काढून घेतल्या. बॅटरी आणि शिट्टी, बस्स. कुत्र्यांसाठी एक काठी, ती सुभेदारांकडं. ७२ नावांची यादी आधार कार्डाच्या प्रतींसह मागवली, पडताळणी केली, आणि दोन नावं काढायला सांगितली. कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आम्ही ओळखपत्रं मागितली तर ती दिली नाहीत. म्हणाले, गळ्यात कार्ड आलं की माणसाचा आवाज बदलतो. गावाकडं ग्रामसुरक्षा दलं असतात, त्यांना पोलीस अधिनियमाचा आधार असतो. तुम्ही मात्र जागे असलेले नागरिक, एवढंच समजा. आज मला ते शंभर टक्के पटतं.

मग कायदा समजावला. सामान्य माणसाला कुणाला धरता येतं, पण केव्हा? दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्कानं मिळत नाही, असा गुन्हा त्याच्या डोळ्यांसमोर घडत असेल तर, किंवा कोर्टानं फरार घोषित केलेला आरोपी असेल तर. आणि धरलं तर विनाविलंब पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम ४० मध्ये तर सहा तासांच्या आत असं स्पष्टच लिहिलंय. दारावरची पाटी वाचणं हा गुन्हा नाही. मफलर गुंडाळणं हा गुन्हा नाही. संशय आला तर लांब उभं राहायचं, उजेड टाकायचा, गाडीचा नंबर लिहायचा, शिट्टी वाजवायची, ११२ लावायचा. पळून जात असेल तर जाऊ द्यायचं. हे शेवटचं आमच्या पोरांना पचायला फार जड गेलं. "मग आम्ही फिरायचं कशाला?" त्यावर बीटचे हवालदार म्हणाले, चोराला रिकामी गल्ली लागते, गल्ली रिकामी नाही हे त्याला दिसलं की तुमचं काम झालं.

त्यांची रात्रगस्तीची गाडी आता आमच्या देवळापाशी थांबते आणि वहीत सही होते. अडचण एकच, बदल्या. ज्यांना आम्ही कळलो आणि जे आम्हाला कळले ते साहेब बदलून जातात. म्हणून नवे साहेब आले की आठ दिवसांत आम्ही यादी घेऊन जातो आणि जानेवारीची ती रात्र पहिल्यापासून सांगतो. नवीन माणूस गस्तीला आला तरी हेच. तो पोरगा स्वतः सांगतो.

गस्तीचं निम्मं काम रात्रीचं नाहीच, हे मला उशिरा कळलं. कोण गावाला जाणार हे बायकांना आधी माहीत असतं. काकूंनी बंद घरांची वही सुरू केली. ती त्यांच्याचकडं असते, ग्रुपवर टाकायची नाही, आणि स्टेटसला गावाला चालल्याचे फोटो परत आल्यावर. दारापुढं पडलेला पेपर कुणी उचलायचा, पोर्चमधला दिवा कुणी लावायचा-विझवायचा, हे त्या वहीत लिहिलेलं असतं. कोणत्या खांबावरचा दिवा बंद आहे याची यादी आम्ही महिन्याला अर्जासोबत देतो. माझ्या मते काठीपेक्षा चालू दिव्यानं जास्त चोऱ्या थांबतात. बिबट्याही आहे, किल्ल्याच्या अंगाला तो दिसतो. दिसला की मागं सरायचं आणि वनखात्याला कळवायचं, इथंही मर्दुमकी नको.

तेव्हापासून आमच्या गल्ल्यांत घरफोडी झालेली नाही. ते आमच्यामुळंच, असं मी म्हणणार नाही. एक गोष्ट मनाला लागून राहते: आमच्याकडचा चोर शेजारच्या कॉलनीत गेला असेल तर आम्ही काय मिळवलं? म्हणून ड्युटीची यादी कशी करायची हे शिकवायला मी तिकडं जातो. गेल्या पावसाळ्यापासून त्यांचे चौघं आणि आमचे चौघं ओढ्यापाशी भेटतात.

आणि आता अनोळखी माणूस दिसला तर आमचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. आपल्याकडं पूर्वीपासून ज्या शब्दानं हाक मारतात त्याच शब्दानं, लांबून, बॅटरी त्याच्या पायांवर धरून: "पावनं, कुणाकडं जायचंय?" माणूस थांबतो. नाव सांगतो. आम्ही दारापर्यंत जातो, बेल वाजवतो, दार उघडलं की मागं फिरतो.

वहीत त्यासाठी एक रकाना मीच आखलाय. परवाची नोंद सुभेदारांच्या अक्षरातली आहे: 'रात्री ०२.१५. पाहुणे दोन, सोबत लहान मूल. कोल्हापूरहून. वरच्या गल्लीत तिसऱ्या घरी पोचवले. मूल झोपलेले.'