डबा फिरवला की फ्रेंच

कॅनडात काबुली चण्यांचा डबा घ्या. समोर इंग्रजी, डबा अर्धा फिरवला की फ्रेंच. चित्र तेच, चणे तेच. २०२१ च्या जनगणनेत दोन्ही भाषांत बोलू शकणारे लोक भरले सुमारे १८ टक्के. क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांताबाहेर तर दहासुद्धा नाहीत. डबे मात्र जवळजवळ सगळेच द्विभाषिक!

यात विसंगती काही नाही. १९६९ च्या राजभाषा कायद्याने दोन भाषांचं ओझं नागरिकाच्या नव्हे, केंद्र सरकारच्या डोक्यावर ठेवलं. डब्यांची पाळी १९७४ च्या लेबल-नियमांनी आली. पदार्थाचं नाव आणि निव्वळ माप दोन्ही भाषांत हवं. अक्षर १.६ मिलिमीटरपेक्षा बारीक चालत नाही, आणि ही उंची मोजायची ती लहान लिपीतल्या 'ओ'ची. ‘५४० एमएल’ एकदाच छापलं तरी भागतं, कारण चिन्ह दोघांचं एकच. कंपनीचा नाव-पत्ताही दोहोंपैकी कुठल्याही एका भाषेत चालतो.

खरी पंचाईत जागेची. तोच मजकूर फ्रेंचमध्ये बहुधा लांबतो. नवखा डिझायनर आधी इंग्रजी ऐसपैस मांडतो, मग उरलेल्या कोपऱ्यात फ्रेंच कोंबतो, आणि त्या दाटीवाटीत 'ओ' १.६ च्या खाली घसरतो. मुरलेला माणूस आधी फ्रेंच बसवतो. इंग्रजी मग आपोआप मावते. क्वेबेकमध्ये तर दुसरी कुठलीही भाषा फ्रेंचपेक्षा ठळक दिसता कामा नये, त्यामुळे अंग चोरायचं ते इंग्रजीनेच. शिवाय दोन प्रांतांसाठी दोन वेगळे डबे छापणं कुणाला परवडणार?

टोरंटोकडच्या भारतीय दुकानात भाकरवडीचं पाकीट मिळतं, त्यावर आयातदाराचा पांढरा स्टिकर असतो. निर्यातीसाठी वेगळं पाकीट छापण्याइतका खप नसला की हाच मार्ग. घटक पदार्थ, पोषणाचा तक्ता, सगळं दोनदा. घाईत हा स्टिकर नेमका मुदतीच्या तारखेवर बसतो, किंवा फ्रीजरमध्ये गोंद सुटून गळून पडतो (हे पराठ्यांच्या बाबतीत जास्त). आणि तीळ विसरून चालत नाही: कॅनडाच्या ऍलर्जीच्या यादीत तीळ आहेत, म्हणजे भाकरवडीतले तीळही फ्रेंचमध्ये लिहावेच लागतात.