बसऱ्याच्या आजोबांची तिथी

आमच्याकडं लोणच्याच्या बरणीवर चहाच्या बशीएवढं एक जड ब्राँझचं झाकण असायचं. त्यावर उभी बाई, पायाशी सिंह, बाजूला इंग्रजी अक्षरं. मिठानं कडा हिरवी पडलेली. आज्जी त्याला 'राणीचं ताट' म्हणायची. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आपल्या प्रत्येक शिपायाच्या घरी इंग्रज सरकारनं असं ताट धाडलं होतं, हे मला चाळिशीत कळलं.

ते पणजोबांच्या थोरल्या भावाचं. घरात त्यांना 'बसऱ्याचे आजोबा' म्हणत. खानापूर तालुक्यातून बेळगावला गेले, भरती झाले, परत आले नाहीत. एवढीच माहिती.

ताटावर नाव असतं. हुद्दा, नंबर, पलटण काही नसतं. ते सगळं चांदीच्या पदकाच्या कडेवर असतं, आणि आमचं पदक बहात्तरच्या दुष्काळात सोनाराकडं गेलं. कुणाला बोल लावणार?

युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव, देश, युद्ध घालून कुणालाही फुकट शोधता येतं. चार रात्री बसलो, काही निघेना. आत्ती म्हणाली, "ताटावर कसं लिवलंय ते तर बघ की." चिंचेनं घासलं. आम्ही 'डब्ल्यू' घालत होतो, गोऱ्यानं 'व्ही' घातला होता! आता एकाच नावाचे तिघे निघाले. बापाचं नाव हवं. ते पेटीतल्या मोडी कागदात सापडलं. शहापुरातल्या एका गुरुजींनी तो वाचून दिला, पैसे घेतले नाहीत.

१०३ मराठा लाइट इन्फंट्री. मृत्यू २४ डिसेंबर १९१५. म्हणजे इराकातल्या कुत गावात अडकलेल्या इंग्रज फौजेभोवतीचा वेढा. ७ डिसेंबरला तुर्कांनी आवळला, २९ एप्रिल १९१६ ला उपाशी फौजेनं हत्यारं ठेवली. २४ डिसेंबरला तिथल्या किल्ल्यावर मोठा हल्ला झाला, तिथं ही पलटण होती.

समाधी नाही. नोंद इराकातल्याच बसऱ्याच्या युद्धस्मारकाची. फोटो शोधला, तर त्या भिंतीवर हिंदी शिपायांची नावं कोरलेलीच नाहीत, पलटणीखाली नुसते आकडे. मी बराच वेळ त्या लोणच्याच्या झाकणाकडं बघत बसलो.

तारीख भटजींना दाखवली. जुन्या पंचांगावरून त्यांनी मार्गशीर्ष वद्य तृतीया काढली. तिथी माहीत नाही म्हणून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा म्हाळ सर्वपित्रीला घालत आलो होतो. भटजी म्हणाले, "हत्यारानं गेलेल्याचा म्हाळ चतुर्दशीला. तुम्ही एक दिवस उशीर करत होता."

यंदा चतुर्दशीला घातला. आत्तीनं अमावस्येलाही एक पान जास्त वाढलं. "इतकी वर्षं ह्याच दिवशी जेवायची सवय त्यांना," म्हणाली.

बरणीला आता स्टीलचं झाकण आहे. नीट बसत नाही.