दोन याद्या आणि मधला नंबर

१४ मार्च २०२४ ला निवडणूक आयोगाने निवडणूक रोख्यांच्या दोन पीडीएफ फायली संकेतस्थळावर टाकल्या. पहिली ३३७ पानांची: कोणी, कोणत्या तारखेला, किती रुपयांचा रोखा घेतला. दुसरी ४२६ पानांची: कोणत्या पक्षाने, कोणत्या तारखेला, किती रुपयांचा रोखा वटवला. दोन्ही याद्या खऱ्या, थेट स्टेट बँकेकडून आलेल्या. तरीही ७६३ पानं चाळून ‘अमक्याने तमक्या पक्षाला इतके दिले’ असं एक वाक्य छातीठोकपणे लिहिता येत नव्हतं. देणारे एका फायलीत, घेणारे दुसऱ्या फायलीत, आणि दोघांना जोडणारा रोख्याचा क्रमांक दोन्हीकडे नाही.

मागची हकिगत थोडक्यात. रोखा म्हणजे बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायची देणगी, देणाऱ्याचं नाव जाहीर न होणारी. ही योजना जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित झाली. एक हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख आणि एक कोटी अशा पाच किमती, विक्री फक्त स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून, मुदत पंधरा दिवस. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने योजना एकमताने रद्द केली आणि १२ एप्रिल २०१९ पासूनचा सगळा तपशील ६ मार्चपर्यंत द्या, असं बँकेला सांगितलं. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. लोकसभेची निवडणूक तोपर्यंत उरकलेली असती.

बँकेने दिलेलं कारण मात्र लक्षपूर्वक वाचण्यासारखं आहे. खरेदीदारांची माहिती एकीकडे, पक्षांची दुसरीकडे, आणि दोन्ही मुंबईच्या मुख्य शाखेत सीलबंद पाकिटांत. रोखे २२,२१७, प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणजे ४४,४३४ नोंदी एकमेकींशी जुळवायच्या. न्यायालयाने ११ मार्चला सुनावलं, की जुळवा असं आम्ही म्हटलेलंच नाही, आहे ते द्या. म्हणून त्या दोन सुट्या याद्या आल्या. मग १८ मार्चला ‘क्रमांकासकट सगळं’ असा आदेश झाला आणि २१ मार्चला क्रमांकांसह याद्या प्रसिद्ध झाल्या. जे काम करायला बँकेला साडेतीन महिने हवे होते, ते त्यानंतर वर्तमानपत्रांच्या डेटा टीमांनी आणि हौशी लोकांनी काही तासांत उरकलं.

या क्रमांकाचीही एक गंमत आहे. २०१८ मध्येच एका पत्रकाराने हजार-हजारांचे रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासून घेतले. साध्या डोळ्यांना न दिसणारा क्रमांक अतिनील प्रकाशात उमटला. तेव्हा अर्थ मंत्रालयाने सांगितलं, की तो केवळ सुरक्षेसाठी आहे, खरेदीदाराच्या किंवा पक्षाच्या नोंदीत तो लिहिला जात नाही. सहा वर्षांनी बँकेने दिलेल्या दोन्ही याद्यांत तो रकाना भरलेला होता.

जुळणी स्वतः करून पाहायची असेल तर आजही करता येते. दोन्ही पीडीएफमधले तक्ते एक्सेलमध्ये आणा. खरेदीच्या तक्त्यात खरेदीदाराचं नाव, तारखा, आद्याक्षरं, रोख्याचा क्रमांक, रक्कम आणि शाखेचा कोड आहे. वटवणीच्या तक्त्यात पक्षाचं नाव, तारीख, पुन्हा आद्याक्षरं, क्रमांक, रक्कम. पहिली चूक इथेच होते. आद्याक्षरं किंमत सांगतात: ओसी म्हणजे एक कोटी, टीएल दहा लाख, ओएल एक लाख, टीटी दहा हजार, ओटी एक हजार. नुसत्या क्रमांकावर जोडलंत तर एक कोटीचा रोखा हजाराच्या रोख्याला चिकटेल आणि भलताच पक्ष भलत्याच कंपनीच्या नावापुढे येईल. आद्याक्षरं आणि क्रमांक एकत्र करून नवा रकाना करायचा, दोन्हीकडच्या मोकळ्या जागा छाटायच्या आणि मग व्हीलुकअप, म्हणजे एका तक्त्यातली ओळ दुसऱ्यात शोधणारं एक्सेलचं सूत्र, लावायचं.

दुसरी अडचण: काही रोख्यांना खरेदीदार सापडतच नाही. इथे लगेच ‘लपवाछपवी’ म्हणून ओरडायचं कारण नाही. बँकेच्याच प्रतिज्ञापत्रातला हिशेब बघा. १ ते ११ एप्रिल २०१९ मध्ये ३,३४६ रोखे विकले गेले आणि १,६०९ वटले. म्हणजे १,७३७ हातात उरले, आणि त्यांतले बहुतेक यादीची तारीख सुरू झाल्यावर वटले. त्यांची खरेदी १२ एप्रिलच्या आधीची, म्हणून ती पहिल्या यादीत नाही. १२ एप्रिलनंतर खरेदी १८,८७१ आणि वटवणी २०,४२१, फरक १,५५०. १,७३७ मधून कोणीच न वटवलेले १८७ वजा करा, १,५५० च येतात. (ते १८७ नियमाप्रमाणे पंतप्रधान सहायता निधीत जमा झाले.) आकडे असे चोख बसले, की यादीवर विश्वास बसतो.

तिसरी अडचण नावांची. एकाच गटाच्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी खरेदी करतात. यादीत मेघा इंजिनिअरिंगचे सुमारे ९६६ कोटी दिसतात, पण तिच्या उपकंपन्यांची खरेदी वेगळ्या ओळींवर आहे. उपकंपनी कोणाची हे कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून काढावं लागतं आणि ते काम अजूनही हातानेच होतं. सर्वांत मोठी खरेदीदार फ्यूचर गेमिंग ही लॉटरीची कंपनी, १,३६८ कोटी. त्यातले ५०९ कोटी आपल्याला आल्याचं द्रमुकने स्वतःच आयोगाला कळवलं होतं. बहुतेक पक्षांनी मात्र देणगीदारांची नावं दिली नाहीत. संयुक्त जनता दलाचं उत्तर तर फ्रेम करून लावावं असं आहे: ३ एप्रिल २०१९ ला पाटण्याच्या कार्यालयात कोणीतरी एक बंद पाकीट देऊन गेलं, उघडलं तर आत एक-एक कोटीचे दहा रोखे. कोण आलं होतं, ठाऊक नाही.

या सगळ्याचा मतदानावर किती परिणाम झाला, हे कोणी ठामपणे सांगत असेल तर त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. परिणाम दुसरीकडे दिसतो. छापा किंवा कंत्राट या तारखेला आणि रोखा त्या तारखेला, असं शेजारी-शेजारी मांडता येऊ लागलं. तारखा शेजारी आल्या म्हणजे देवाणघेवाण सिद्ध झाली असं नाही, आणि रोख्यांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमायला न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ ला नकार दिला. पण कंपनीचा भागधारक आता वार्षिक सभेत नाव-रकमेसह प्रश्न विचारू शकतो. आधी त्याला वार्षिक अहवालात पक्षाचं नावसुद्धा मिळत नव्हतं. तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये काढली होती, तीही निकालाने परत आली. तोट्यातल्या कंपनीने पक्षाला कोट्यवधींची देणगी देण्याची वाट बंद झाली, हा माझ्या मते निकालाचा सर्वांत कमी चर्चा झालेला भाग.

उमेदवाराच्या खर्चात हीच जुळणी गावपातळीवर चालते. विधानसभेला महाराष्ट्रात मर्यादा ४० लाख, गोव्यात २८ लाख. लोकसभेला अनुक्रमे ९५ आणि ७५ लाख. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं काढावं लागतं. मिळणाऱ्या नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. संपूर्ण निवडणुकीत एका माणसाला वा दुकानाला मिळून दहा हजारांवर रोख देता येत नाही. नवख्या उमेदवाराची हमखास चूक इथे होते: मंडपवाल्याला चार सभांचे चार-चार हजार रोख दिले, प्रत्येक पावती लहान, पण बेरीज सोळा हजार. दुसरी चूक म्हणजे मित्राची ‘फुकट’ गाडी. फुकट काही नसतं. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरसूचीप्रमाणे तिचं भाडं खर्चात धरलं जातं.

समोरच्या बाजूला आयोगाची माणसं स्वतःची यादी करत असतात. सभेत व्हिडिओ पथक चित्रीकरण सुरू करतानाच बोलून नोंद करतं: कोणाची सभा, कुठे, किती वाजता, अंदाजे किती खुर्च्या, स्टेज केवढं, गाड्या किती, फलक किती. ते पाहून लेखा पथक दरसूचीने खर्च काढतं आणि शॅडो रजिस्टरमध्ये लिहितं. प्रचाराच्या काळात किमान तीनदा उमेदवाराची नोंदवही या रजिस्टरशी ताडली जाते. वहीत ५०० खुर्च्या आणि व्हिडिओत २,००० दिसल्या, की नोटीस निघते आणि ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. मंडपवाल्याचं कमी रकमेचं बिल दाखवून भागत नाही, दर सूचीतलाच लागतो.

निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जातो आणि तो एक रुपया शुल्क भरून कोणीही पाहू शकतं. हा नियम १९६१ चा, रुपया तेवढाच राहिला. पाहायला गेलात तर बेरजेवर वेळ घालवू नका. बेरीज मर्यादेत बसवलेलीच असते. पक्षाकडून आलेली रक्कम किती लिहिली आहे ते टिपा आणि पक्षाने आयोगाला दिलेल्या विवरणात त्याच उमेदवाराच्या नावापुढे काय आकडा आहे तो बघा. मग पत्रकांची छपाई बघा: प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे तुमच्या घरी आलेलं पत्रकच पुरावा ठरतं.

वहीच्या बाहेर किती राहतं याचा अंदाज आपल्याकडे एकदा जाहीर सभेत मिळाला होता. जून २०१३ मध्ये मुंबईत गोपीनाथ मुंडे म्हणाले, की २००९ ची लोकसभा लढायला त्यांना आठ कोटी लागले. तेव्हा मर्यादा होती २५ लाख आणि त्यांनी दाखल केलेला हिशेब होता सुमारे १९ लाखांचा. आयोगाने नोटीस काढली, पण ते अपात्र ठरले नाहीत. तीन वर्षांच्या अपात्रतेच्या याद्या पाहिल्या तर त्यांत बहुतेक नावं हिशेबच न दिलेल्या अपक्षांची असतात. हिशेब वेळेवर देणारा सहसा सुटतो.

शिवाय पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरला, तर त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो वगळला गेला. २००३ मध्ये ही सूट बरीच आवळली, पण स्टार प्रचारकांचा प्रवास आजही बाहेर आहे. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० प्रचारक. हेलिकॉप्टर पक्षाचं. उमेदवार त्यात बसला तर प्रवासखर्चाचा अर्धा वाटा त्याच्या नावावर चढतो, म्हणून तो गाडीने मागून येतो.

रोखे गेल्यावर पैसा आटला नाही, त्याने वाट बदलली. कंपन्यांकडून देणग्या घेऊन त्या पक्षांना वाटणाऱ्या, २०१३ पासून अस्तित्वात असलेल्या निवडणूक ट्रस्टांकडे मोठ्या कंपन्या वळल्या. २०२४-२५ मध्ये ट्रस्टांनी पक्षांना सुमारे ३,८०० कोटी वाटले. ट्रस्टला वर्षभरात मिळालेल्या रकमेतले किमान ९५ टक्के पक्षांना द्यावेच लागतात आणि अहवाल आयोगाला द्यावा लागतो. रोख्यांपेक्षा हे बरं, कारण देणगीदाराचं नाव दरवर्षी आपोआप बाहेर येतं. पण अहवाल उघडून बघा: आधी कोणाकडून किती आले, मग कोणाला किती दिले. पैसे एका खात्यात मिसळलेले, आणि नोटेवर कंपनीचं नाव नसतं. पुन्हा १४ मार्चच्याच दोन याद्या, आणि इथे तर मागून येणारा नंबरही नाही. उरतात फक्त तारखा. ट्रस्टच्या खात्यात पैसे आल्यावर दोन-चार दिवसांत तेवढीच रक्कम कोणत्या पक्षाकडे गेली, असा माग काढायचा. अनेक कंपन्यांचे पैसे एकाच आठवड्यात आले असतील तर तोही माग हरवतो.

वीस हजार किंवा त्याखालच्या देणग्यांबाबत तर एवढंही करता येत नाही. त्यांची नावं आयोगाला कळवावीच लागत नाहीत. बहुजन समाज पक्षाने वर्षानुवर्षं वीस हजारांवरची एकही देणगी नाही असं कळवलं आहे. तिथे जुळवायला पहिली यादीच नसते.