वर इंजिन बंद पडलं तर?

पायलटचं शिकतेय म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. परवा हळदीत शेजारच्या मावशींनीही तोच विचारला, "अगं, वर गेल्यावर इंजिनच बंद पडलं तर गं?" पंगतीत वाढता वाढता काय सांगणार? हसून वेळ मारून नेली. पण मावशी, तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. इंजिन पुढे ओढतं. उचलून धरायचं काम पंखांचं, आणि पंखांना फक्त वाहती हवा लागते. नाक जरा खाली ठेवून वेग राखला की आमचं सेस्ना १७२ हळूहळू तरंगत उतरतं. ३००० फुटांवर असलं तर वारा नसताना साधारण आठ किलोमीटर जातं. गोची इथे होते की जमीन जवळ येताना दिसली की हात आपोआप नाक वर ओढतो. ओढलं की वेग मरतो आणि पंख खरंच हवा सोडतात. ही सवय मोडायलाच माझे कित्येक तास गेले.

सर मध्येच, न सांगता थ्रॉटल मागे घेतात, म्हणजे इंजिनाचा जोरच काढून घेतात. "इंजिन गेलं. कुठे उतरणार?" पहिल्या वेळी मी छान हिरवं शेत दाखवलं. सर म्हणाले, "कापूस आहे तो, कमरेएवढा. आणि खांब दिसले का?" वरून तारा दिसत नाहीत, खांब शोधायचे असतात. आम्ही खानदेशात शिकतो, पण पिकं मला वरून ओळखावी लागतील असं कुणी सांगितलं नव्हतं!

मोठ्या विमानांचंही तेच. १९८३ साली कॅनडात एका बोइंग ७६७ मधलं इंधन हवेतच संपलं, कारण भरताना किलोऐवजी पौंडांचा हिशोब झाला होता. ते तसंच तरंगत गिम्लीच्या जुन्या धावपट्टीवर उतरलं, सगळे वाचले.

म्हणून मला भीती वाटते ती जमिनीवरच्या चुकीची. रोज पहिल्या उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक पेल्यात काढून त्यात पाणी शिरलंय का ते बघायचं. आमच्या पेट्रोलला निळसर रंग दिलेला असतो. पाणी जड, ते तळाशी बसतं, मध्ये रेघ दिसते. ऑगस्टमध्ये रात्रभर पाऊस झाला होता. सकाळी मी पेला वर आभाळाकडे धरला. रेघ नाही, थेंब नाही, एकदम स्वच्छ. "ओके सर," म्हटलं. सरांनी पेला माझ्या हातातून घेतला आणि पांढऱ्या पंखासमोर धरला. निळा रंग नव्हताच. मला दिसला तो मागच्या आभाळाचा. पेलाभर नुसतं पाणी होतं, मग रेघ कुठून दिसणार!

निव्वळ निळं येईपर्यंत किती पेले काढले, मोजले नाहीत. त्या दिवशी उड्डाण उशिरा झालं, सर अवाक्षर बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

आणि हो, हळदीला मी थेट धावपट्टीवरून आले होते. जिलबी वाढताना तुम्ही नाक मुरडून "हाताला कसला वास गं?" म्हणालात ना, तो त्याच पेल्याचा.