मोयेचं पाणी: तिसरी खेप

या वेळी कडू झालं नाही! आधीच्या दोन्ही खेपा ओतून द्याव्या लागल्या होत्या, म्हणून हे सगळ्यात आधी सांगते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: मोयेच्या फळांचं गोड पेय करायचा हा खटाटोप. मोये म्हणजे शायनस मोले, पेरूच्या अँडीजमधलं सदाहरित झाड. फांद्या खाली लोंबणाऱ्या, मिरीएवढ्या गुलाबी फळांचे घोस. आमच्या दक्षिण कॅलिफोर्नियात ते रस्तोरस्ती दिसतं. ओशनसाइडच्या सान लुईस रे मिशनमधलं १८३०चं झाड इथलं पहिलं मानतात. आमच्या परसात दोन आहेत, एक नर आणि एक मादी. फळं अर्थात मादीलाच.

पहिल्या वेळी मी फळं मिक्सरला लावली. दुसऱ्या वेळी उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवली. दोन्हींची चव टर्पेंटाइनसारखी. मग पेरूचा जुना इतिहासकार इंका गार्सिलासो दे ला वेगा याने १६०९मध्ये लिहून ठेवलेली रीत वाचली: गरम पाण्यात फळं हाताने हलकेच चोळायची, गोडवा उतरेपर्यंतच. कडूपर्यंत पोचलात तर सगळं फुकट.

एक फळ नखाने सोलून बघा. वर कागदासारखं गुलाबी साल, त्याखाली चिकट गोड थर, अगदी पातळ. कडवट राळ त्याच्या आत, बियेला लागून. चिंच कोळायची सवय हाताला असते, तीच इथे आडवी येते. तांदूळ धुताना फिरवतो तेवढाच हात फिरवायचा.

या खेपेला ३०० ग्रॅम फळं परातीत पाखडून घेतली आणि हाताला सोसवेल इतक्या गरम दीड लिटर पाण्यात घातली. दर मिनिटाला चमचाभर चाखत गेले. आठव्या मिनिटाला जिभेच्या कडेला चुरचुर जाणवली, तशी लगेच मलमलीतून गाळली. अर्धं पाणी बरणीत तीन दिवस ठेवलं. आता त्याला बारीक फेस आहे, आणि वास मिरी-बडीशेपेच्या मधला. उरलेलं आटवून काकवीसारखं केलं. भाकरीबरोबर फार सुरेख लागतं.

हीच चिचा (अँडीजमधलं आंबवलेलं पेय) इंकांच्या आधीचे वारी नावाचे लोक हजारेक वर्षांपूर्वी दक्षिण पेरूतल्या मोकेग्वाजवळच्या सेर्रो बाउल डोंगरावर मोठ्या प्रमाणावर बनवत. तिथल्या भट्टीच्या जागी मोयेच्या बिया आणि बायकांच्या शालीच्या टाचण्या सापडल्या आहेत. म्हणजे चोळणारे हात बायकांचे असावेत. परातीत हात घालताना मला त्या आठवतात.

औषधाचं म्हणाल, तर अँडीजमध्ये पाल्याच्या काढ्याने जखमा धुतात, राळ हिरड्यांना लावतात. मी ते करून पाहिलेलं नाही आणि पोटात घ्यायचे काढे कुणाला सुचवणारही नाही. झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं आहे. पान चुरगळलं की कैरीच्या देठाच्या चिकाची आठवण होते. काजूची ॲलर्जी असेल किंवा आंब्याचा चीक उतत असेल, तर फळांपासूनही लांबच राहा. लहान मुलांनाही देऊ नका.

पानाचा तुकडा मात्र वाटीभर पाण्यात जरूर टाकून बघा. आतलं तेल पिचकारीसारखं सुटतं आणि तुकडा झटके देत पाण्यावर पळतो.

गार्सिलासो याच पाण्याचा उन्हात ठेवून शिरका होतो म्हणतो. चौथी खेप त्याचीच. बरणी धुऊन वाळत घातली आहे.